'नंबर प्लीज' म्हणणाऱ्या त्या २२३ जणी सैनिक होत्या की नव्हत्या?

रानजाई

गेले पंधरा दिवस एका विषयात पार अडकलेय, इथे मांडते म्हणजे जरा मोकळं वाटेल. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने टेलिफोन ऑपरेटर म्हणून बायका फ्रान्सला नेल्या होत्या, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही फाडफाड बोलणाऱ्या. लोक त्यांना 'हॅलो गर्ल्स' म्हणायचे. झालं असं की जनरल पर्शिंग, म्हणजे तिकडे गेलेल्या अमेरिकन फौजेचे सरसेनापती, त्यांनी १९१७ च्या नोव्हेंबरात मायदेशी निरोप धाडला की आम्हाला दोन्ही भाषा येणाऱ्या सराईत बायका ऑपरेटर म्हणून पाठवा. जवानांना टेलिफोनचा बोर्ड, म्हणजे प्लग लावून हाताने लाइनी जोडायचा तो, नीट चालवता येत नव्हता, आणि फ्रेंच एक्सचेंजवरच्या बाईकडे लाइन मागायची तर भाषेची बोंब. सात हजारांवर अर्ज आले! त्यातल्या साडेचारशेच्या आसपास शिकवून तयार केल्या आणि २२३ जणी समुद्र ओलांडून गेल्या. पहिली ३३ जणींची तुकडी मार्च १९१८ मध्ये निघाली. तिची प्रमुख ग्रेस बँकर, वय वर्षं पंचवीस.

आता माझा जीव कशात अडकलाय ते सांगते. या सगळ्यांनी सैन्याची रीतसर शपथ घेतली होती. निळा गणवेश, दंडावर टेलिफोनचं चिन्ह, गॅस मास्क, लोखंडी टोप, सगळं सगळं. नियम सैन्याचे, हुकूम सैन्याचे. आणि युद्ध संपवून घरी आल्या तर सैन्याने सांगितलं की तुम्ही सैनिक नव्हताच, तुम्ही नागरी कर्मचारी. का तर नियमात शब्द 'पुरुष' असा होता. त्यामुळे बोनस नाही, माजी सैनिकांचा दवाखाना नाही, गेल्यावर शवपेटीवर झेंडा नाही. ही चूक दुरुस्त व्हायला १९७७ साल उजाडलं. तोवर बहुतेक जणी देवाघरी गेलेल्या.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. माणूस सैनिक कशाने होतो, शपथेने, कामाने की कागदाने? आणि दुसरं, तुमच्या घरात कोणी टेलिफोन ऑपरेटर होतं का? त्या कामाबद्दल घरात काय बोललं जायचं? मला त्या कामाची खरंच कल्पना नाही, माझा जन्म एसटीडी बूथच्या जमान्यातला.

मीठभाकर

वाचनखूण साठवली. सावकाश वाचून लिहिते.

सोलापुरी_चादर

माझी आत्या सोलापूर एक्सचेंजला होती! दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पहिला माझ्या आवाक्याबाहेरचा.

आत्या घरी मराठी, शाळेत मराठी, पण बोर्डावर बसायची तेव्हा कानडी, तेलुगू, हिंदी, सगळं. आमच्याकडे पूर्व भागात विणकर मंडळी तेलुगू बोलणारी, बाजारात कानडी व्यापारी, आणि ट्रंक कॉल लावायला एकाच बोर्डावर यायची सगळी. ती म्हणायची की माणूस घाबरला की आपल्या भाषेवर येतो. कुणी गेल्याचा निरोप द्यायचा असला की तो गृहस्थ पलीकडच्या गावचा नंबर मराठीत सांगायला लागायचा आणि मधेच तेलुगूत रडायला लागायचा, तेव्हा तिला ते कळणं भाग होतं. तिने तेलुगू कुठे क्लासला जाऊन शिकली नाही, कानाने शिकली.

म्हणून दोन भाषांच्या ऑपरेटर कशाला पाहिजेत हे मला लगेच पटलं. नुसतं शब्दाला शब्द नाही लागत तिथे.

दूरदेशी

छान धागा रानजाई. मी न्यू जर्सीत असतो, ग्रेस बँकर इकडच्याच पॅसेक गावची, माझ्या घरापासून फार लांब नाही. कॉलेज शिकलेली, टेलिफोन कंपनीत नवीन मुलींना शिकवायचं काम करायची.

भाषेबद्दल थोडी भर घालतो. सुरुवातीला कल्पना अशी होती की टेलिफोन कंपनीतल्या ज्या मुलींना फ्रेंच येतं त्या घ्यायच्या. पण तशा मिळाल्याच फार कमी. मग दार मोठं केलं, फ्रेंच चांगलं येतं पण आयुष्यात बोर्डाला हात लावलेला नाही अशाही घेतल्या, शिक्षिका, फ्रान्समधून आलेल्या घरातल्या मुली, काही फ्रेंच-कॅनेडियन. त्यांना काम शिकवलं. कारण काम शिकवता येतं पण दोन महिन्यांत फ्रेंच शिकवता येत नाही. नंतर अमेरिकन सैन्याने स्वतःच्या लाइनी टाकल्या, बोर्ड आपल्याच माणसांचे झाले, तेव्हा फ्रेंच न येणाऱ्या पण हात सराईत असलेल्या मुलीही पाठवल्या. त्यातलीच एक मर्ल ईगन, माँटानाच्या हेलेना गावची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे तिच्याबद्दल लिहितो.

कळसूत्र

जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नये. काम मोठं होतं यात वाद नाही. पण सैन्यात स्वयंपाकी असतात, हमाल असतात, ठेकेदार असतात, सगळ्यांना सैनिक म्हणायचं का? कायद्यात एखादा शब्द असतो तो काहीतरी विचार करून ठेवलेला असतो. नियम पुरुष म्हणत असेल तर तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना शपथ द्यायलाच नको होती. चूक तिथे झाली असं मला वाटतं, नंतर नाही.

रानजाई

@कळसूत्र, राग कसला, असं बोललं तरच धागा पुढे जातो. पण मग तुमच्याच म्हणण्याने विचारते, चूक सैन्याची असेल तर तिची किंमत साठ वर्षं त्या बायकांनी का मोजायची?

आणि ठेकेदाराला हुकूम मोडला म्हणून कोर्ट मार्शलची भीती घालतात का? सुईची गोष्ट वाचा. सुई नावाचं फ्रान्समधलं खेडं, वर्दन शहराच्या जवळ. १९१८ च्या सप्टेंबर अखेरीला म्यूझ-आर्गोनची मोठी लढाई सुरू झाली तेव्हा ग्रेस बँकर आणि तिच्या निवडक मुली तिथे होत्या. लाकडी बराकी, पाऊस, चिखल, थंडी. ३० ऑक्टोबरला बराकींना आग लागली. आग शेजारच्या इमारतींत पसरत होती आणि या मुली बोर्ड सोडेनात, कारण लढाई चालू, लाइनवर माणसं बोलतायत. शेवटी त्यांना सांगावं लागलं की आता उठला नाहीत तर शिस्तभंगाची कारवाई होईल, तेव्हा उठल्या. आणि तासाभराने परत येऊन जेवढ्या लाइनी शाबूत होत्या, एक तृतीयांश वगैरे, त्यांवर कामाला बसल्या.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मला झोपच लागली नाही.

बारा_गावचं_पाणी

बाप रे. अंगावर काटा आला.

निवृत्त_सिग्नलर

नमस्कार मंडळी. मी भारतीय सैन्यात सिग्नल्स कोअरमध्ये बावीस वर्षं काढली. कधी लिहीत नाही, वाचत असतो. या धाग्यावर राहवलं नाही.

कळसूत्र साहेब म्हणतात तसं सैन्यात अनेक प्रकारची माणसं असतात हे खरं. पण आमच्या कामाची गोष्ट समजून घ्या. तोफखाना पाच मैल मागे असतो, पायदळ पुढे असतं. पायदळ पुढे सरकलं की तोफेने मारा पुढे सरकवायचा, नाहीतर आपलेच गोळे आपल्याच पोरांवर. हे सांगायला त्या काळात होतं काय? रेडिओ बाल्यावस्थेत, कबुतरं, धावणारा निरोप्या, आणि तार. तारेवरचा टेलिफोन सगळ्यात जलद. लाइन पार्टी रात्री जाऊन तार टाकते, सकाळी गोळा पडून तार तुटते, पुन्हा जायचं, पुन्हा जोडायचं. तर त्या तारेच्या टोकाला बसलेला ऑपरेटर हा लढाईचा भाग असतो. तो दहा सेकंद उशीर करेल तर पुढे कुणाचं तरी पोरगं मरेल. हा मला शिकवताना सांगितलेला पहिला धडा. आमच्या कोअरचं ब्रीद 'तीव्र चौकस'. हे दोन्ही शब्द त्या बायकांना लागू पडतात.

शिवाय गुप्तता. प्रत्येक जागेला सांकेतिक नाव, ते नाव बदलत राहायचं. कोणत्या गावाला आज काय म्हणतात हे ऑपरेटरच्या डोक्यात. शत्रू तारेवर कान लावून असतो हे धरूनच चालायचं. ज्या माणसाला सैन्याचा उद्याचा बेत ऐकू येतो त्याला नागरी कर्मचारी म्हणणं मला तरी जमत नाही.

कळसूत्र

काका, तुमच्यासारख्या माणसाने लिहिल्यावर मी काय बोलणार. तोफखान्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी ऑपरेटर म्हणजे साहेबांच्या ऑफिसात फोन जोडून देणारी असं धरून बसलो होतो.

मांडवीकाठ

@निवृत्त_सिग्नलर, तुम्ही आमच्या पणजीत होता का कधी? इथे सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे. लहानपणी पोरांच्या रांगा पळताना बघायचो सकाळी.

निवृत्त_सिग्नलर

नाही, मी जबलपूरचा. पण पणजीला एका कोर्ससाठी येऊन गेलोय. मासे अजून आठवतात :)

मीठभाकर

आता लिहिते. दोन-तीन ठिकाणी वाचलं की जवानाला एक कॉल जोडायला मिनिटभर लागायचा आणि या बायकांना दहा सेकंद. त्यावर लगेच सगळीकडे लिहिलेलं असतं की बायकांची बोटं नाजूक, बायकांचा आवाज गोड, बायका सोशिक. मला याचा मनापासून कंटाळा आलाय. त्या जलद होत्या कारण ते त्यांचं कसब होतं! अमेरिकेत १८७८ मध्ये बोस्टनला एमा नट ही पहिली बाई बोर्डावर बसली, त्याआधी पोरगे असायचे आणि ते गिऱ्हाइकांना उलट बोलायचे. पुढच्या चाळीस वर्षांत हे काम जवळपास पूर्ण बायकांचं झालं. म्हणजे १९१८ मध्ये तिथे बोर्डावर सराईत कोण होतं, तर बायकाच. सुताराचा रंधा चांगला चालतो तेव्हा आपण त्याच्या नाजूक बोटांचं कौतुक करतो का?

तिसरी_घंटा

मीठभाकर +१. शेवटचं वाक्य फार आवडलं.

सोलापुरी_चादर

मीठभाकर, शंभर टक्के. पण आवाजाबद्दल आत्याचं म्हणणं थोडं वेगळं होतं. ती म्हणायची आवाज गोड नाही, आवाज *सपाट* ठेवायचा. समोरचा ओरडला तरी सपाट. ते शिकावं लागतं आणि ते थकवतं. ड्यूटीवरून आली की तासभर कुणाशी बोलायची नाही, आम्हा पोरांना वाटायचं आत्या रागावली.

दूरदेशी

मर्ल ईगनबद्दल लिहितो म्हणालो होतो. फ्रान्समध्ये तूर नावाचं मोठं ठिकाण होतं, सैन्याच्या रसदीचं मुख्यालय. तिथे मर्लला काम काय दिलं, तर जवानांना बोर्ड शिकवण्याचं. पुढे व्हर्सायला तहाची बोलणी चालली तेव्हा तिथल्या बोर्डावरही ती होती. म्हणजे जगाचे नकाशे ठरत होते तिथले फोन जोडणारी बाई. घरी आली, युद्धात सेवा केल्याचं पदक आणि बोनस मागितला, उत्तर आलं की तू सैन्यात नव्हतीस.

तिने सोडलं नाही. १९१९ पासून १९७७ पर्यंत मोजा, अठ्ठावन्न वर्षं. पत्रं, अर्ज, खासदारांच्या मागे लागणं, संसदेत विधेयकं यायची आणि पडून राहायची. सत्तरीच्या दशकात सिॲटलच्या एका तरुण वकिलाने तिची ट्रंकभर कागदपत्रं बघितली आणि फुकट केस हातात घेतली. नोव्हेंबर १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली, दुसऱ्या महायुद्धात विमानं उडवणाऱ्या बायकांनाही त्याच कायद्याने न्याय मिळाला. प्रत्यक्ष सेवामुक्तीचे कागद हातात पडले १९७९ मध्ये. नव्वदीला टेकलेल्या म्हाताऱ्या, आणि हातात कागद, की तुम्हाला सैन्यातून सन्मानाने मुक्त करण्यात येत आहे.

ग्रेस बँकरला तो कागद मिळाला नाही. ती १९६० मध्येच गेली. तिला १९१९ मध्ये सैन्याने विशिष्ट सेवा पदक दिलं होतं, फार मोठं पदक. पदक सैन्याचं आणि बाई सैन्याची नाही, असा तो प्रकार.

रानजाई

दूरदेशी, हे पदकाचं वाचून मला रडू आलं होतं. पदक देताना 'पुरुष' हा शब्द कुणाला आठवला नाही.

तिसरी_घंटा

मला एक कळत नाहीये. त्याच युद्धात अमेरिकेच्या नौदलातही बायका होत्या ना? त्यांचं काय झालं?

दूरदेशी

हो आणि इथेच खरी मेख आहे. नौदलात अकरा हजारांवर बायका होत्या, बहुतेक कारकुनी कामाला, बहुतेक जणी अमेरिकेतच राहिल्या. पण नौदलाच्या राखीव दलाच्या १९१६ च्या कायद्यात शब्द 'व्यक्ती' असा होता. नौदलाच्या मंत्र्याने म्हटलं, बाई ही व्यक्ती आहे की नाही? आहे. मग घ्या भरती करून. त्यांना पगार, बोनस, माजी सैनिकाचा दर्जा, सगळं मिळालं.

म्हणजे वॉशिंग्टनमध्ये टंकलेखन केलेली बाई माजी सैनिक आणि तोफांच्या आवाजात बोर्ड चालवलेली बाई नागरी कर्मचारी. एका शब्दाचा फरक.

कळसूत्र

हे मात्र माझं मत पूर्ण बदलायला लावणारं आहे. मी वर लिहिलं की कायद्यातला शब्द विचार करून ठेवलेला असतो. इथे दिसतंय की एका खात्याने शब्दाचा अर्थ माणसाच्या बाजूने लावला आणि दुसऱ्याने विरुद्ध. शब्द मागे घेतो.

बारा_गावचं_पाणी

अवांतर होईल पण लिहितेच. दोन भाषा, फ्रान्स, युद्ध म्हटलं की मला नूर इनायत खान आठवते. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये लपून वायरलेस चालवला तिने. वडील भारतीय सूफी संगीतकार, बडोद्याचे. तिला १९४४ मध्ये डाखाउच्या छळछावणीत मारलं.

निवृत्त_सिग्नलर

बाई, नूरबद्दल पूर्ण आदर, सिग्नल्सचा प्रत्येक माणूस तिचं नाव आदराने घेतो. पण ते काम वेगळं. ती हेर, एकटी, वायरलेसवर. या उघड गणवेशात, तारेच्या बोर्डावर, तुकडीने. दोन्हीची भीती वेगळी आणि दोन्हीचं धैर्य वेगळं.

बारा_गावचं_पाणी

मान्य काका. पण एक जोड बघा, मला काल रात्री सापडली. नूरचं बालपण पॅरिसच्या कडेला सुरेन नावाच्या गावात गेलं, त्यांचं घर तिथेच. आणि त्याच सुरेनमध्ये टेकडीवर अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे हॅलो गर्ल्सच्या दुसऱ्या तुकडीची प्रमुख आयनेझ क्रिटेंडन पुरलेली आहे. ती ११ नोव्हेंबर १९१८ ला गेली, इन्फ्लुएंझाच्या साथीत. तारीख बघा. ज्या दिवशी तोफा थांबल्या त्या दिवशी. नूर लहानपणी त्या टेकडीवर खेळायला गेली असेल का असं मनात येत राहतं.

रानजाई

ही तारीख मला माहीत नव्हती. धन्यवाद. थोडा वेळ काही लिहवत नाहीये.

मांडवीकाठ

आपल्याकडे काय होतं याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये इंग्रजांनी इथे विमेन्स ऑक्झिलरी कोअर काढली होती, त्यात हजारो भारतीय, अँग्लो-इंडियन आणि युरोपियन बायका होत्या, कारकून, ड्रायव्हर, सांकेतिक संदेश, आणि टेलिफोन ऑपरेटर. नौदलाची शाखाही निघाली. माझ्या आजोबांच्या बहिणीच्या नणंदेने मुंबईत त्यात काम केलं असं घरात सांगतात, खाकी साडी नेसलेला एक फोटो होता, आता कुणाकडे आहे देव जाणे. तिच्याबद्दल घरात बोलायचे ते खालच्या आवाजात. म्हणजे काम चांगलं, पगार चांगला, पण 'मिलिटरीत होती' असं म्हणताना सगळे दाराकडे बघायचे. लग्न उशिरा झालं तिचं.

मीठभाकर

खाकी साडी! मांडवीकाठ, तो फोटो शोधाच. पत्र्याच्या ट्रंकेत, देवघराच्या मागे, कुणाच्या तरी माळ्यावर असेलच.

आणि आपल्याकडचा शब्दांचा खेळ पण बघा. आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टचं बारावं कलम म्हणतं की स्त्री सैन्यात भरतीला पात्र नाही, केंद्र सरकार अधिसूचना काढून सांगेल तेवढ्या विभागांपुरतीच पात्र. वैद्यकीय आणि नर्सिंग सोडून इतर शाखांत बायका अधिकारी म्हणून आल्या त्या १९९२ पासून, तेही मर्यादित काळासाठी. कायमस्वरूपी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी राहण्याचा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ फेब्रुवारी २०२० चा. त्यात सिग्नल्सही होतं. बारा-पंधरा वर्षं गणवेश घालून मग दारातून परत पाठवलेल्या अधिकारी होत्या त्या. रानजाईचा प्रश्न अमेरिकेचा आणि शंभर वर्षांपूर्वीचा आहे असं समजून वाचू नका म्हणून लिहिलं.

निवृत्त_सिग्नलर

मीठभाकर बरोबर. माझ्या शेवटच्या पोस्टिंगला एक मॅडम कंपनी कमांडर होत्या. दोन दिवस जवान कुजबुजले, तिसऱ्या दिवशी रात्री अडीचला लाइन गेली तेव्हा मॅडम आमच्या आधी जीपमध्ये बसलेल्या. त्यानंतर कुजबुज बंद.

तिसरी_घंटा

गणवेशाचं कुणीतरी वर लिहिलंय, त्यावरून. त्या मुलींना गणवेश स्वतःच्या पैशाने शिवून घ्यावा लागला होता हे माहितीये का? आणि तो तीनशे डॉलरच्या घरात जायचा! साध्या ऑपरेटरचा महिना साठ डॉलर. म्हणजे पाच महिन्यांचा पगार अंगावर घालून गेल्या. मला त्यांच्या आयांचं वाटतं, मुलगी युद्धावर निघालीय आणि वर पदरचे पैसे घालून.

सोलापुरी_चादर

पाच महिन्यांचा पगार?? आणि नंतर म्हणे तुम्ही आमच्या नाहीत.

दूरदेशी

एक ताजी गोष्ट राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकन संसदेचं सुवर्णपदक या सगळ्या जणींना मिळून जाहीर झालं, तिथला सर्वोच्च नागरी सन्मान. त्यातली एकही हयात नाही, नाती-पणत्या आहेत.

आणि मताच्या हक्काचंही लिहायला हवं. या मुली जहाजात चढल्या तेव्हा बहुतेकींना देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा अधिकार नव्हता. ३० सप्टेंबर १९१८ ला अध्यक्ष विल्सन सिनेटसमोर जाऊन म्हणाले की युद्धात बायकांना भागीदार केलंय तर हक्कातही करा. सिनेटने दुसऱ्याच दिवशी ते फेटाळलं. घटनादुरुस्ती पक्की झाली ऑगस्ट १९२० मध्ये. म्हणजे त्या भाषणाच्या दिवशी म्यूझ-आर्गोनची लढाई सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते आणि ग्रेसच्या मुली बोर्डावर होत्या.

रानजाई

धागा वर काढतेय, चार दिवसांनी. कारण घडलंच तसं.

सोलापुरी_चादर यांनी आत्याबद्दल लिहिलं ते मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, अगं माझी मावशी पण ऑपरेटरच होती की. मला पस्तीस वर्षांत हे माहीत नव्हतं! आईची मावशी, मी तिला मावशीआजी म्हणते, वय ८६, नाशिकला मुलाकडे असते. मी काल तिच्याकडे जाऊन आले.

तिने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ट्रंक बोर्डावर काम केलं. डोक्यावर हेडसेट, छातीवर भोंगा, समोर प्लग आणि दोऱ्या, प्रत्येक कॉलचं तिकीट लिहायचं, ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग. तीन मिनिटं झाली की मधे बोलून विचारायचं, वाढवू का. १९७१ च्या डिसेंबरात काचांना काळे कागद लावून, टॉर्चवर रुमाल बांधून रात्रपाळ्या केल्या. मिलिटरीचे कॉल आधी. घरी लहान मूल शेजारणीकडे. एका रात्री धोक्याचा भोंगा वाजला आणि सगळ्यांना खाली जायला सांगितलं तेव्हा ती आणि अजून एक जण बोर्डावर बसून राहिल्या. का असं विचारलं तर म्हणाली, 'अगं, माणूस लाइनवर होता ना.'

आणि तिचंही कागदाचं दुखणं निघालं. पहिली काही वर्षं ती रोजंदारीवर, कच्च्या नोकरीत होती, ती वर्षं निवृत्तीच्या वेळी धरलीच नाहीत. कोणत्या कार्यालयात काय झालं ते ती सांगत होती पण ते इथे लिहीत नाही, तिलाही आता भांडायचं नाहीये. फक्त एवढं म्हणाली की पाळी तीच, बोर्ड तोच, शिव्या त्याच, फक्त वर्षं मोजली नाहीत.

कळसूत्र, तुमच्यामुळे मी तिला तोच प्रश्न विचारला, सैनिक कशाने होतं माणूस. तिने उत्तर दिलं नाही, उलट मलाच विचारत बसली. पगार किती होता त्यांचा? साठ डॉलर सांगितले. त्याचे तेव्हाचे रुपये किती होतात हे तिला हवं होतं, मला सांगता आलं नाही. झोपायला जागा कुठे? बराकीत. पाय ओले व्हायचे का? हो, चिखल होता.

कळसूत्र

मावशीआजींना माझा नमस्कार सांगा. उत्तर त्यांनीच दिलंय, वर, टॉर्चवर रुमाल बांधला तिथे.

सोलापुरी_चादर

'माणूस लाइनवर होता ना.' आत्याला हे वाचून दाखवायला हवं होतं. ती दोन वर्षांपूर्वी गेली.

मीठभाकर

रानजाई, तिचं बोलणं रेकॉर्ड करून ठेव. कृपा करून. उद्यावर टाकू नकोस.

निवृत्त_सिग्नलर

मावशीबाईंना माझा सॅल्यूट सांगा. १९७१ मध्ये मी शाळेत होतो पण माझे वडील पूर्व आघाडीवर होते. डिसेंबरात त्यांचा एकच कॉल आला होता गावच्या पोस्टात, आई पळत गेली होती. तो कुणी जोडला असेल कोण जाणे.

मांडवीकाठ

फोटो मिळाला!! काकूच्या माळ्यावर होता. साडी खाकीच आहे, खांद्यावर पट्टी आहे, आणि मागे कुणीतरी पेन्सिलने १९४४ लिहिलंय. नाव नाही लिहिलं. आता घरातले सगळे मिळून चेहरा ओळखायला बसणार रविवारी.

रानजाई

मांडवीकाठ, किती छान!

काका, सॅल्यूट फोनवर सांगितला, ती लाजली. मीठभाकर, रेकॉर्ड केलं, एक तास बारा मिनिटं झालं.

शेवटी तिला सुईच्या आगीची गोष्ट सांगितली, सगळी, सावकाश. मला वाटलं ती हळहळेल. ती डोळे मिटून ऐकत होती, हाताची बोटं मांडीवर हलत होती, प्लग काढल्यासारखी. मग विचारलं, 'परत आल्या तेव्हा लाइनी किती राहिल्या होत्या म्हणालीस?' मी म्हटलं एक तृतीयांश. ती म्हणाली, 'पुष्कळ झाल्या. अर्जंट तेवढे घ्यायचे, बाकीच्यांना थांबा म्हणायचं.'